डीलियाच्या दारावरून

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे मला आवाज चढवावा लागत नाही. नुसतं वळून पाहिलं की आमच्या डूनारड गावातली पन्नाशीची माणसंसुद्धा अजून खिशातले हात बाहेर काढतात. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते या सवयीपायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

एक फेब्रुवारीच्या संत ब्रिजिडच्या सणाला सरकारनं सुट्टी जाहीर केली आणि आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना एकदम पूर्वजांचा पुळका आला. औषधांच्या दुकानात लव्हेंडरच्या वासाच्या मेणबत्त्या आल्या. त्यांच्यावर लिहिलेलं, 'प्राचीन सेल्टिक शांती'. ब्रिजिड संत व्हायच्या आधी देवी होती. लोहारांची, गाईंची, अडलेल्या बाळंतिणींची. शांतीशी तिचा कधी संबंध आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. हॉटेलवाल्या डर्मटनं तर डब्लिनहून एक बाई आणली. ती पाहुण्यांना पहाटे समुद्रात गुडघाभर पाण्यात उभं करायची आणि डोळे मिटून आतली ज्योत पेटवायला सांगायची. फेब्रुवारीत! एकाला न्यूमोनिया झाला.

त्याच आठवड्यात फिनियन क्युरन माझ्या स्वयंपाकघरात आला. फिनियन म्हणजे माझ्या डीलियाचा मुलगा. डीलिया आणि मी शाळेत एका बाकावर बसलेल्या. तिचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. पोरगा सहा वर्षांचा असताना नवरा आजारपणात गेला आणि मग त्या घरात ही दोघंच उरली. फिनियन माझ्या हाताखालून शिकून गेलेला. अभ्यासात यथातथाच, पण तोंडाचा गोड. आता तो खेकड्यांचे पिंजरे टाकायला स्वतःची लहान बोट घेऊन जायचा.

"बाई, ती डब्लिनची बया आपली ज्योत पेटवणार, आणि आपण बघत बसणार?" तो म्हणाला. "तुमच्या त्या कपाटातल्या वह्यांना वाळवी लागायच्या आत काढा की बाहेर."

वह्या होत्या हे खरं. नव्वद वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मुलांकडून घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गावच्या रीती लिहून घेतल्या होत्या. शाळा बंद झाली तेव्हा त्या मी घरी आणल्या. ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गावात कशी मिरवणूक निघायची ते त्यांत बारीकसारीक तपशिलांसह होतं. लोणी घुसळायच्या लाकडी रवीला ओट्सचा पेंढा गुंडाळून बाहुली करायची, वर सलगमाचं डोकं बसवायचं, तोंड कोरायचं. तिला आम्ही ब्रीदोग म्हणतो. तिला घेऊन, पांढरे सदरे आणि तोंड झाकणाऱ्या उंच पेंढ्याच्या टोप्या घालून, वाजतगाजत घरोघर जायचं. घरच्यांनी दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत गुडघे टेकायचे आणि ब्रिजिडला या म्हणायचं. निघताना ब्रीदोगच्या झग्यातली एक काडी उपसून त्या घरात ठेवायची. ती काडी वर्षभर गुरांना, पोराबाळांना, बोटींना सांभाळते.

माझ्या लहानपणीच हे सगळं बंद पडलेलं. फिनियनच्या नादानं मी पुन्हा सुरू केलं, आणि एकदा हात घातला म्हटल्यावर मी काही अर्धवट सोडणारी नाही. पोरं म्हणाली टोप्या बाहेरून तयार मागवू, मी म्हटलं पेंढा वळायला शिका. डर्मट म्हणाला मिरवणूक हॉटेलच्या बारमधून न्या, पाहुणे फोटो काढतील. मी म्हटलं वहीत बार नाही. तो मला नावानं हाक मारून म्हणाला, "वहीत वीजसुद्धा नाही, गोबनेट." मी म्हटलं, "म्हणूनच कंदील घेऊन निघणार आहोत." फिनियन एवढा हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं.

दोन वर्षं मिरवणूक निघाली. दोन्ही वर्षं ब्रीदोग फिनियनच्या हातात होती. तो तिला बायकांसमोर नाचवायचा, म्हाताऱ्यांना तिचा मुका घ्यायला लावायचा. घरात बसून राहिलेली माणसं आमच्यामागून रस्त्यावर यायला लागली. आयुष्यात मी बरंच काही शिकवलं, त्यातलं बरंचसं लोक विसरले. पण हे रुजलं. मला त्याचा गर्व होता.

ऑक्टोबरच्या सतरा तारखेला फिनियनची बोट रिकामी सापडली. इंजिन चालू, डबा अर्धा खाल्लेला, पिंजऱ्याचा दोर बाजूला लोंबत होता. तो नव्हता.

पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं. आमच्याकडची माणसं ओहोटीला खडकाखडकावरून फिरली. नवव्या दिवशी समुद्र माणूस परत करतो असं आम्ही मानतो, म्हणून नवव्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. काही आलं नाही. नऊ आठवड्यांनी शोध थांबला. फादरांनी डीलियाला अगदी हळुवारपणे विचारलं, चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, ठेवायची का?

"कशाला?" डीलिया म्हणाली. "आल्यावर तो स्वतःच येईल की चर्चला. नाहीतरी कधी येत नाही, त्या निमित्तानं येईल."

तिचं म्हणणं होतं की त्याला एखाद्या स्पॅनिश जहाजानं उचललं असणार. आमच्या हद्दीबाहेरच्या पाण्यात ती जहाजं असतात हे खरंच आहे. डोक्याला मार लागला असेल, आठवत नसेल, भाषा येत नाही. कुठल्याशा बंदरातल्या दवाखान्यात असेल. ती हे इतक्या साध्या आवाजात सांगायची की समोरचा मान डोलवायचा. मीही डोलवायचे. तिनं स्पॅनिश शिकायला पुस्तक आणलं होतं. आमच्याकडे रेडिओवर रोज सकाळी गेलेल्या माणसांची नावं वाचतात आणि त्या वेळी घराघरातली बोलणी थांबतात. डीलिया तेवढ्या वेळापुरता रेडिओ बंद करायची. आमच्यातल्या कुणीही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पोरगा गेला. तिला मात्र हे कुणीच सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

जानेवारीत आम्ही मिरवणुकीच्या तयारीला बसलो तेव्हा हा प्रश्न समोर आला. वहीत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. पहिली अशी, की ब्रीदोगनं एकही घर वगळायचं नाही. दारावरून पुढे गेली तर तो त्या घराचा अपमान. आणि दुसरी, की याला अपवाद एकच. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं असेल तिथे आत जायचं नाही. फाटकाशी वाजवणं थांबवायचं, टोप्या काढायच्या आणि मुकाट्यानं पुढे जायचं.

मी हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, "क्युरनांच्या फाटकाशी आपण थांबू."

मग कॉन बोलला. कॉन ट्रॅक्टर दुरुस्त करतो, ॲकॉर्डियनची पेटी वाजवतो, आणि फिनियन पाळण्यात असल्यापासूनची त्यांची दोस्ती. यंदा ब्रीदोग त्याच्याकडे आली होती.

"बाई, डीलिया वाट बघत असतील."

"वाट बघणं वेगळं, रीत वेगळी."

"पण तो गेला असं त्या म्हणतच नाहीत."

"तिच्या म्हणण्यावर थोडंच आहे ते?"

"मग कुणाच्या म्हणण्यावर आहे?" कॉन म्हणाला. "फादरांनी मिस्सा केलेली नाही. सरकारनं कागद दिलेला नाही. आता काय, पेंढ्याच्या टोप्या घालून आपण ठरवायचं? वहीत काय लिहिलंय, बाई? बुडालेल्याचं? ज्याचा देहच सापडला नाही त्याचं?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग?"

मी चष्मा काढला, पुसला आणि वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हटलं, "कॉन, एका घरासाठी रीत मोडली की उद्या डर्मटच्या बारसाठी मोडावी लागेल. दुखवट्याच्या घरात ढोल घेऊन शिरायला आपण काय सर्कस आहोत?" कॉननं मान खाली घातली. तीस वर्षांचा बाप्या, पण माझ्यासमोर अजून पाढे चुकलेला पोरगा.

खरं कारण वहीत नव्हतंच, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. ब्रीदोग घेऊन त्या स्वयंपाकघरात जायची माझी छाती नव्हती. मागच्या वर्षी फिनियननं तिथेच आईला बाहुलीबरोबर टेबलाभोवती नाचवलं होतं. आता ती बाहुली कॉनच्या हातात बघून डीलियाचा चेहरा कसा होईल, ती मला काय विचारेल, मी काय सांगेन. या सगळ्याची मला भीती वाटत होती. वहीतली ओळ सापडली तेव्हा मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण तसंच झालं.

सणाच्या तीन दिवस आधी डीलिया मला दुकानात भेटली. तिच्या टोपलीत सफरचंदं होती, लोणी होतं, मनुके होते.

"यंदा कुठून निघताय?" तिनं विचारलं.

"अजून ठरायचंय," मी म्हटलं. सगळं ठरलेलं होतं.

"माझ्याकडे शेवटी आलात तरी चालेल. घाईनं निघता म्हणून कुणी खात नाही धड. कॉनला सांग, केक दोन करतेय. आणि त्याच्या त्या पेटीला तेल घाल म्हणावं, मागच्या वर्षी कण्हत होती." मग माझ्या बाहीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "यंदा ती काडी मला हवीच आहे, गोबनेट. ब्रिजिड दारावरून गेली नाही म्हणजे झालं. बाकी मी बघून घेईन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानात माणसं आहेत, असं मी मनाला समजावलं. संध्याकाळी घरी जाऊन सांगू, असंही ठरवलं. संध्याकाळी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी मी टोप्यांचे पीळ तपासत बसले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की डीलियाची आजी इथलीच, तिला रीत माहीत असणार, फाटकाशी टोप्या काढल्या की तिला आपला आदर कळेल. आदर! हा शब्द माझ्या डोक्यात कुठून आला कोण जाणे.

एकतीस तारखेला अंधार पडताच आम्ही शाळेपासून निघालो. वीसबावीस माणसं, सहा कंदील, कॉनच्या गळ्यात पेटी, ब्रीदोग त्यानं पाठीवर बांधलेली. हवा कोरडी होती आणि ढोलाचा आवाज डोंगरापर्यंत जात होता. पहिल्या घरी बाळ होतं, ते सलगमाचं तोंड बघून किंचाळलं आणि सगळे हसले. दुसऱ्या घरात नव्वदीच्या म्हातारबुवांनी गुडघे टेकायचा हट्ट धरला आणि मग त्यांना उठवायला चौघं लागले. घराघरांत खिडकीबाहेर नाहीतर कुंपणाच्या झुडपावर फडकी टांगलेली होती. त्या रात्री ब्रिजिड जाताना त्या कापडाला हात लावते आणि मग ते वर्षभर दुखण्यावर चालतं. कुणी रुमाल ठेवतं, कुणी रिबीन. मी सगळ्यांच्या पुढे कंदील घेऊन चालत होते आणि खरंच सांगते, मला आनंद होत होता. पोरांचे पाय तालात पडत होते, म्हाताऱ्यांना जुनी गाणी आठवत होती. असं व्हावं म्हणूनच तर केलं होतं.

मग वळण आलं आणि क्युरनांचं घर दिसलं.

घरातले सगळे दिवे लावलेले होते. माडीवरच्या फिनियनच्या खोलीतलासुद्धा. फाटक उघडून दगड लावून ठेवलं होतं. फाटकाजवळच्या काटेरी झुडपावर रुमाल नव्हता, रिबीन नव्हती. फिनियनचा बोटीवरचा निळा स्वेटर होता, दोन्ही बाह्या फांद्यांवर नीट पसरलेल्या. घराचं दार सताड उघडं, आणि आतल्या उजेडात, उंबऱ्याच्या आत, डीलिया गुडघ्यांवर बसलेली. तिचे गुडघे दुखतात. आमचं वाजवणं लांबून येत असल्यापासून ती तशीच बसली असणार. तिच्या मागे टेबल मांडलेलं मला रस्त्यावरून दिसत होतं.

मागून कॉन म्हणाला, "बाई." एवढंच. विनवणी होती ती. पेटी अजून वाजत होती.

तेव्हा मी फक्त पुढे चालत राहायला हवं होतं. पुढे म्हणजे फाटकातून आत. वीस पावलं. मला कुणी अडवलं नसतं. सगळे माझ्याकडेच बघत होते, मी जे करीन ते त्यांनी केलं असतं. मी कंदील खाली केला आणि टोपी काढली.

ढोल थांबला. पेटी एक सूर जास्त वाजली आणि थांबली. एकामागून एक सगळ्यांच्या टोप्या उतरल्या. इतका वेळ झाकलेले चेहरे बाहेर आले. शेजाऱ्यांचे, फिनियनबरोबर शाळेत गेलेल्यांचे, नऊ आठवडे किनाऱ्यावर फिरलेल्यांचे. एवढी शांतता झाली की खालच्या समुद्राचा आवाज यायला लागला.

वाजवणं थांबल्यावर डीलियानं हसत मान वर केली. तिला वाटलं असेल, आता आम्ही दाराशी येऊन हाक देणार. तिनं आमच्याकडे पाहिलं. मग आमच्या डोक्यांकडे पाहिलं. ते हसू तिच्या चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तिथंच राहिलं, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळेना.

आम्ही चालायला लागलो. कुणाच्या बुटाखाली खडी वाजली तरी मला त्याचा राग येत होता. कॉन उघड रडत होता, नाक पुसायलाही त्यानं हात वर केला नाही. मी एकदाच मागे वळून पाहिलं. डीलिया चौकटीला धरून उठत होती, एक गुडघा, मग दुसरा. मदतीला कुणी नव्हतं. म्हातारबुवांना उठवायला आम्ही चौघं धावलो होतो.

तिनं दार लावून घेतलं.

पुढची तीन घरं आम्ही केली. वाजवलंसुद्धा. कुणी खाल्लं नाही, कुणी हसलं नाही, आणि शाळेपाशी आल्यावर निरोप न घेता माणसं पांगली. कॉननं ब्रीदोग माझ्या हातात दिली.

"तुमची रीत पाळली, बाई," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसरा कुणी बघा."

सकाळी उजाडताच मी डीलियाकडे गेले. झुडपावर स्वेटर नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. ती टेबलाशी बसली होती, कालच्याच कपड्यांत. ताटल्या तशाच मांडलेल्या, दोन्ही केक न कापलेले. स्वेटर घडी घालून तिच्या मांडीवर होता, दवानं ओला झालेला.

"ये," ती म्हणाली. "दहापैकी दहा, बाई. एकाचंही पाऊल चुकलं नाही. बसवलं छान होतंस."

"डीलिया, मला वाटलं—"

"चहा घेशील?"

"मला वाटलं तुला रीत माहीत असेल."

"माहीत आहे की. माझ्या आजीनंच सांगितली असेल त्या पोरांना." तिनं किटलीकडे पाहिलं, पण ती उठली नाही. "माहीत होती म्हणून तर वाट बघत होते. मी म्हटलं, ब्रीदोग आत आली म्हणजे गोबनेटला अजून तो आहे असं वाटतंय. गावात एका माणसाला जरी वाटत असेल, तरी मला पुरे होतं."

मग मी म्हटलं की मला माफ कर. आत यायची मला भीती वाटली, रीत हे निमित्त होतं, मी भेकड आहे. सगळं बोलून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, पोराला शाळेत आणून सोडायची आणि माझ्या तक्रारी ऐकून घ्यायची, तसं.

"तू एकटीच असतीस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "पण सगळ्यांनी टोप्या काढल्या गं. कॉननंसुद्धा. कॉन त्याला समुद्रात पोहायला शिकवायचा. आणि टोपी काढून तो माझ्याकडे असा बघत होता, की मी समजले, या सगळ्यांना केव्हापासूनच माहीत आहे. ऑक्टोबरपासून. तुम्ही माझ्याकडे यायचात, स्पॅनिश जहाजाचं ऐकायचात, माना डोलवायचात. मी वेडी आहे असं वाटायचं ना तुम्हाला?"

"नाही. तुला सांगायची हिंमत नव्हती कुणाची."

"मग काल कुठून आली? पेंढ्याच्या टोपीतून?"

ती रडली नाही. मी रडले, आणि तिनं मला टेबलावरचा पुसायचा रुमाल सरकवला. नंतर ती उठली, फिनियनच्या नेहमीच्या खुर्चीसमोरची ताटली उचलली, सुरी-काटा उचलला आणि कपाटात ठेवला. रीतीप्रमाणे ब्रिजिडसाठी मांडलेली ताटली ती नव्हे. ती खिडकीजवळ होती. कपाटाचं दार लावून ती बराच वेळ त्याला पाठ टेकून उभी राहिली.

मग ड्रॉवरमधून तिनं कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं.

"रेडिओला द्यायची सूचना तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. उद्या सकाळी वाचतील."

"डीलिया, घाई नको करूस. अजून काही ठरलेलं नाही. सरकारी कागद आल्याशिवाय—"

"काल ठरलं," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं. फिनियन क्युरन, डूनारड, वय चोवीस, कै. युजीन आणि डीलिया यांचा एकुलता एक मुलगा. समुद्रात. तिनं सांगितलं तसं सगळं, हळूहळू, एक एक शब्द. मिस्साची वेळ फादरांना विचारून कळवू. फुलं नकोत. मग तारीख आली. मी सतरा ऑक्टोबर लिहायला घेतलं आणि तिनं माझं मनगट धरलं.

"ती नको."

"अगं, पण त्या दिवशी तर—"

"त्या दिवशी तो हरवला. परवा मी त्याच्या खोलीत चादर बदलली. काल त्याच्यासाठी बटाटे उकडले. संध्याकाळी सात वाजेपर्यंत माझा मुलगा जिवंत होता, गोबनेट. तुम्ही टोप्या काढेपर्यंत." तिनं मनगट सोडलं. "कालची तारीख घाल."

मी एकतीस जानेवारी लिहिलं. तिनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि एकही चूक नाही म्हणाली.